स्लीव्हनंतर वजन अडकलं तेव्हा काय काय केलं

माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून नळीसारखं लहान पोट ठेवायची सर्जरी, तेव्हा वजन होतं १२४ किलो. पहिले काही महिने काटा नुसता खाली येत होता, कपडे दर महिन्याला सैल पडत होते, भेटेल तो विचारायचा की किती झालं. आणि मग ९२ वर जो थांबला तो थांबलाच. ९२.३, ९१.८, ९२.५, परत ९२. पाच-सहा आठवडे झाले, मग दोन महिने झाले, काही केल्या काटा हलेना. ज्यांची सर्जरी झालीये त्यांना हा काळ कसा असतो ते माहितीये, आणि ज्यांची व्हायचीये त्यांना तो आधी कुणीतरी नीट सांगावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

तसं अडकणं मला नवीन नव्हतं. सर्जरीनंतर तिसऱ्या आठवड्याच्या आसपास एकदा वजन असंच थांबलं होतं, तेव्हा डाएटिशियन मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. त्याचं कारण असं की शरीरात ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो, साधारण अर्धा किलोच्या आसपास, आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम स्पंजसारखं तीन-एक ग्रॅम पाणी धरून असतो. सर्जरीनंतर खाणं एकदम कमी होतं, तो साठा संपतो, त्याबरोबर पाणी जातं आणि पहिल्या दोन आठवड्यांत वजन धडाधड उतरतं. मग शरीर थोडं सावरतं, साठा थोडा भरतं, पाणी परत येतं, आणि चरबी जळत असूनही काटा जागचा हलत नाही. ते आठ-दहा दिवसांत आपोआप सुटलं, काहीच करावं लागलं नाही.

पण हे दुसरं अडकणं वेगळं होतं. आठव्या महिन्यात आलेलं आणि लांबलेलं. मला भीती एकच होती की सर्जरीचा परिणाम संपला, आता मी इथेच राहणार. एवढं मोठं ऑपरेशन, पोटाचा पाऊण भाग काढून टाकलेला, आणि अजून ९२. रात्री झोप लागायची नाही. फॉलोअपला गेले तेव्हा सर्जन सरांना पहिला प्रश्न हाच विचारला, सर, माझी स्लीव्ह फेल गेली का? ते म्हणाले, नाही हो, एक चतुर्थांशाहून जास्त वजन उतरलंय तुमचं, स्लीव्हनंतर सरासरी एवढंच उतरतं, आणि तुमचं वर्षसुद्धा झालेलं नाहीये. वजन सगळ्यात वेगाने पहिल्या सहा महिन्यांत उतरतं, मग वेग कमी होत जातो, आणि सर्वात कमी आकडा बहुतेकांना वर्ष ते दीड वर्षाच्या सुमारास दिसतो. म्हणजे मी रस्त्यातच होते. पण ते एवढं सांगून थांबले नाहीत, म्हणाले की आधी बघू खरंच अडकलंय का, मग का अडकलंय ते बघू, आणि मग काय करायचं ते ठरवू. मला ही पद्धत फार आवडली कारण बाहेर ज्याला त्याला उपायच सुचत होते, आधी तपासू या असं म्हणणारं कुणी नव्हतं.

तर खरंच अडकलंय का. मॅडमनी रोजचं वजन बंद करायला सांगितलं, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उठल्यावर पोट रिकामं असताना आणि तेवढेच कपडे घालून. आणि मोजायची टेप आणायला सांगितली. कंबर, नितंब, मांडी, दंड. पाळीच्या आधीच्या दिवसांत पाणी साठतं, बद्धकोष्ठता असेल तर एखादा किलो त्यातच असतो, जेवणात मीठ जास्त झालं तरी दुसऱ्या दिवशी काटा वर, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवायचं नाही. साधारण चार आठवडे वजनही तेच आणि इंचही तेच असतील तर मग म्हणायचं की अडकलं. माझं काय झालं, पहिल्या तीन आठवड्यांत वजन तेच पण कंबर जवळजवळ तीन सेंटीमीटरने कमी! मला केवढा आनंद झाला ते सांगता येणार नाही. मात्र त्यानंतर टेपही थांबली. म्हणजे आधीच्या काळातलं अडकणं निम्मं काट्याचंच होतं, पण आता खरोखर अडकलं होतं.

मग रक्त तपासण्या. थायरॉइड, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर), बी१२, व्हिटॅमिन डी, हिमोग्लोबिन, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. थायरॉइड ठीक निघालं. फेरिटिन मात्र खूपच कमी. सर्जरीनंतर लोह कमी पडणं आम्हा पाळी चालू असलेल्या बायकांमध्ये फार दिसतं, एक तर खाणं कमी, त्यात पोटातलं आम्ल कमी झाल्याने लोह नीट शोषलं जात नाही. मला गेले काही आठवडे जी मरगळ होती, चार वाजले की आडवं व्हावंसं वाटायचं, ती त्यातून होती, आणि मरगळ असली की माणूस नकळत कमी हलतो, जिन्याऐवजी लिफ्ट घेतो, उठून पाणी घेण्याऐवजी कुणाला तरी मागतो. लोहाची गोळी वाढवली. आणि ती कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, मध्ये किमान दोन तास ठेवायचे, हे परत एकदा बजावून सांगितलं, कारण कॅल्शियममुळे लोह शोषलं जायला अडथळा येतो. सरांनी माझ्या बाकीच्या औषधांची यादीही बघितली. काही डिप्रेशनची औषधं, स्टेरॉइड, इन्सुलिन, काही बीपीच्या गोळ्या वजन वाढवतात किंवा उतरू देत नाहीत, आणि त्यावर बऱ्याचदा पर्याय असतो, पण तो डॉक्टरांनीच बदलायचा, मनाने गोळी सोडायची नाही. माझ्या यादीत तसं काही निघालं नाही.

आता मुख्य भाग, खाण्याचा.

मला वाटत होतं मॅडम सांगतील की अजून कमी खा. त्या म्हणाल्या एक आठवडा काहीही बदलू नका, जे चाललंय तेच चालू द्या, फक्त तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट किचनच्या काट्यावर वजन करून लिहा, घोटभर असलं तरी. मी लिहिलं. कंटाळा आला पण लिहिलं. आठवड्याने वही घेऊन बसलो तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या. प्रोटीन दिवसाला सरासरी ४५ ग्रॅम येत होतं, जे किमान ६० हवं आणि ८० च्या आसपास असेल तर उत्तम. आणि एकूण कॅलरीज अंदाजापेक्षा तीनशे-चारशेनी जास्त होत्या, त्याही जेवणातून नाही, मधल्या वेळच्या खाण्यातून.

त्यांनी टेबलावर छोटा काटा ठेवला आणि एक डबा पुढे केला, म्हणाल्या तुम्ही चार वाजता जेवढे बदाम-काजू घेता तेवढे घ्या. मी नेहमीसारखी मूठ भरली, काट्यावर ठेवली. ४२ ग्रॅम. अडीचशे कॅलरीज. मग त्यांनी शेजारी तीन उकडलेली अंडी ठेवली आणि म्हणाल्या, ह्या तीन अंड्यांच्याही एवढ्याच कॅलरीज होतात, सव्वादोनशे-अडीचशे, ही तीन तुम्ही एका बैठकीत खाऊ शकाल का? शक्यच नाही, दीड अंड्यात मी तुडुंब होते. आणि तीन अंड्यांत प्रोटीन १८-१९ ग्रॅम, त्या मुठीत निम्मंसुद्धा नाही. बस्, तिथे मला स्लीव्ह कशी काम करते ते पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळलं.

म्हणजे असं की स्लीव्ह आपल्याला अडवते ती घट्ट, ओलसर, चावून खायच्या गोष्टींवर. मासे, चिकन, अंडं, घट्ट दही, कडधान्यं, भाज्या. ह्या पोटात थांबतात आणि पोट भरल्याची जाणीव देतात. कुरकुरीत, भुसभुशीत किंवा पातळ गोष्टींवर तिचा फारसा जोर चालत नाही. बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम, दुधाची कॉफी, ज्यूस, हे सरळ घसरत खाली जातं आणि अर्ध्या तासाने पोट परत रिकामं. सुरुवातीच्या महिन्यांत पोटाला सूज असते, काहीच जास्त जात नाही, त्यामुळे फरक जाणवत नाही. सात-आठ महिन्यांनी सूज उतरलेली असते, सगळं पचायला लागलेलं असतं, भूकही थोडी परत आलेली असते, आणि हे सगळ्यांचंच होतं, मॅडम म्हणाल्या की त्यांच्याकडे येणारे बहुतेक पेशंट ह्याच टप्प्यावर वही घेऊन बसतात. त्यात दुसऱ्या बाजूने शरीराची गरज घटलेली असते. १२४ किलोचं शरीर चालवायला जी ऊर्जा लागायची ती ९२ ला लागत नाही, आणि वर शरीर वजन उतरताना स्वतःचा खर्च हिशोबापेक्षाही थोडा कमी करतं. म्हणजे खाणं हळूहळू वर येतंय, खर्च हळूहळू खाली येतोय, आणि दोघं जिथे भेटतात तिथे वजन थांबतं. माझ्यासाठी ते ९२ होतं.

हे समजल्यावर घाबरायचं कारणच उरलं नाही, कारण ह्यात हात घालता येतो.

बदल फार मोठे नव्हते. ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर धान्य. दिवसात तीन जेवणं आणि एक ठरलेलं मधलं खाणं, त्या मधल्या खाण्यातही प्रोटीन, मधे मधे चरणं नाही. दुधाची कॉफी दिवसाला एक, बाकी बिनदुधाची. बदाम मोजून दहा. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही, हे सर्जरीच्या आधीपासून शिकवलेलं होतं ते परत घड्याळ लावून सुरू केलं. पण दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी व्हायलाच हवं, त्यामुळे बाटली कायम हाताशी, घोट घोट. एक घास, चमचा खाली, नीट चावणं, वीस-पंचवीस मिनिटं जेवण. ६० ग्रॅम प्रोटीन नुसत्या जेवणातून जमेना म्हणून एक वेळ प्रोटीन पावडर पाण्यात.

आणि मॅडमनी एक गोष्ट स्पष्ट नाही म्हणून सांगितली. मला दोघातिघांनी सुचवलं होतं की पाच दिवस फक्त पातळ पदार्थांवर राहा, पोट परत लहान होतं, सगळं रीसेट होतं. तसं काही होत नाही. पातळ खाऊन पोटाचा आकार बदलत नाही, काट्यावर जे दोन किलो कमी दिसतात ते पाणी असतं आणि थोडे स्नायू, नेहमीचं जेवण सुरू केलं की पाणी परत. जेवण वगळायचंही तसंच, एवढ्याशा पोटात एका वेळी जेमतेम २० ग्रॅम प्रोटीन मावतं, त्यात एक जेवण गेलं तर दिवसाचा आकडा गाठणार कसा? उपाशी राहून वजन हलवायचा नाद ज्यांना आहे त्यांना मी कळकळीने सांगेन की नका करू, आपलं शरीर आधीच कमी खाण्यावर चाललंय. सारख्या उलट्या होत असतील आणि खाणं जात नसेल तर त्याला वजन कमी होतंय म्हणून चांगलं समजू नका, थेट डॉक्टरांकडे जा, व्हिटॅमिन बी१ कमी पडून मेंदूला आणि नसांना इजा होऊ शकते आणि ती वेगाने होते.

स्नायूंबद्दल आता. चालणं माझं चालूच होतं, रोज पाऊण तास. सरांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिने काय करावं, एक साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाली हात छातीवर घडी घाला, आता हात न लावता उठायचं आणि बसायचं, तीस सेकंद, जेवढं होईल तेवढं. मला वाटलं ह्यात काय. सातव्या-आठव्या वेळेला मांड्या थरथरायला लागल्या आणि उठताच येईना. बत्तीस किलो कमी झालेली बाई, रोज चालणारी, आणि खुर्चीतून उठता येत नाही. तिने समजावलं की इतक्या वेगाने वजन उतरतं तेव्हा फक्त चरबी जात नाही, उतरलेल्या वजनातला पाव भाग किंवा थोडा जास्तच चरबी सोडून इतर गोष्टींचा असतो, त्यात स्नायू आले. प्रोटीन कमी आणि स्नायूंना काम नाही असं असलं की ते जास्त जातात. आणि स्नायू गेले की बसल्या जागी होणारा खर्चही कमी होतो. चालण्याने हृदय आणि दम सुधारतो पण स्नायू टिकवायला त्यांच्यावर भार द्यावा लागतो.

आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-पाऊण तास. खुर्चीतून उठबस, भिंतीवर पुशअप, रबर बँड ओढणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन खांद्याचे व्यायाम. सर्जरीला बरेच महिने झाले होते त्यामुळे पोटावर ताण यायची भीती नव्हती, तरी सरांची परवानगी घेऊनच केलं.

आणि मग जे झालं त्याने मी जवळजवळ हात टेकले होते. पहिल्या दोन आठवड्यांत वजन वाढलं! ९३.४. खाणं सुधारलं, व्यायाम सुरू केला आणि काटा वर. मी रडकुंडीला आले, फिजिओला मेसेज केला, ती म्हणाली थांबा, नवीन व्यायामाने स्नायूंना बारीक बारीक इजा होते, ती भरून यायला ते पाणी धरून ठेवतात, हे पाणी आहे, दोन-तीन आठवडे द्या. नवरा म्हणाला काटा मी कपाटात ठेवतो, तू ठरलेल्या दिवशीच माग. ठेवला त्याने. पुढचा आठवडा ९३. त्याच्या पुढचा ९२.१. आणि मग एका सकाळी ९०.८. ९१ च्या खालचा आकडा मी इतक्या दिवसांनी बघत होते की उतरून परत चढले, परत तोच.

त्यानंतर पहिल्यासारखं धडाधड नाही उतरलं. आठवड्याला तीनशे-चारशे ग्रॅम, कधी काहीच नाही, मध्ये एकदा परत तीन आठवडे थांबलं. पण तेव्हा मी घाबरले नाही, टेप काढली, वही काढली, प्रोटीनचा हिशोब बघितला, तो बरोबर होता, मग नुसती वाट बघितली आणि ते सुटलं. झोपेचंही एक सांगायला हवं. मला आधी स्लीप अॅप्निया होता, म्हणजे झोपेत श्वास मधे मधे थांबायचा, आणि त्यासाठी रात्री हवेच्या दाबाचं मशीन लावत होते. एवढं वजन उतरल्यावर मशीनचं प्रेशर परत तपासून घ्यायला हवं असतं, ते घेतलं, कमी केलं, आणि झोप कितीतरी चांगली झाली. झोप नीट झाली नाही की दुसऱ्या दिवशी गोड खावंसं वाटतं आणि व्यायामाला अंग वळत नाही, हे मी वहीत स्पष्ट बघितलंय.

एक आकडा मला फार धीर देऊन गेला तो सांगते. स्वीडनमध्ये १९८७ पासून बॅरिअॅट्रिक म्हणजे वजन उतरवायची सर्जरी झालेल्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला मोठा अभ्यास आहे. त्यात दोन वर्षांनी लोकांचं वजन सरासरी २३ टक्क्यांनी कमी होतं, दहा वर्षांनी १७ टक्क्यांनी आणि वीस वर्षांनी १८ टक्क्यांनी. तेव्हाच्या सर्जरीच्या पद्धती जुन्या होत्या हे खरं, पण मला त्यातून कळलं ते असं की खाली जाऊन थोडं वर येणं आणि मग कुठेतरी स्थिर होणं हाच ह्याचा नेहमीचा मार्ग आहे. उंची-वजनाच्या चार्टमध्ये बघून ६५ किलोचं लक्ष्य मी डोक्यात धरलं होतं त्याला तसा काही आधार नव्हता. माझी शुगर नॉर्मलला आलीये, बीपीची एक गोळी सुटलीये, गुडघे दुखत नाहीत, ह्या गोष्टी ६५ च्या आकड्यावर अवलंबून नाहीत.

ज्यांचं एवढं सगळं करूनही हलत नाही, किंवा वाढायला लागलंय, त्यांच्यासाठी पुढचे मार्ग आहेत आणि ते मागायला अजिबात संकोच करू नये. सरांनी मला आधीच कल्पना दिली होती की ह्याने सुटलं नाही तर एंडोस्कोपी किंवा बेरियमचा एक्सरे करून स्लीव्ह ताणली गेलीये का ते बघू, गॅस्ट्रिक बायपास ही दुसरी सर्जरी झालेल्यांमध्ये जुन्या आणि नव्या पोटात वाट तयार झालीये का तेही त्यातच बघतात. लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही भूक कमी करणारी इंजेक्शनं आता सर्जरीनंतरही दिली जातात आणि त्यांचा उपयोग होतो. काही जणांना दुसरी सर्जरी लागते. औषध घ्यावं लागलं म्हणजे आपण कमी पडलो असं जे लोक बोलतात त्यांनी लठ्ठपणा हा आजार जवळून पाहिलेला नसतो.

मी सध्या ८४ आणि ८५ च्या मध्ये आहे, गेले काही आठवडे तिथेच. दंड आणि मांडीचं माप बदलत नाहीये पण कंबर अजून किंचित कमी होतेय. खुर्चीची उठबस आता तीस सेकंदांत पंधरापर्यंत जाते. पुढच्या महिन्यात रक्त तपासणी आहे, फेरिटिन कितीवर आलंय ते बघायचंय, आणि इंजेक्शनचा विषय काढायचा की आहे तिथे स्थिर राहायचं हे सर आणि मी तेव्हा ठरवू. तोपर्यंत फिजिओने रबर बँड बदलून दिलाय, हा आधीच्यापेक्षा बराच कडक आहे, खांद्याच्या व्यायामाला अजून पूर्ण ओढला जात नाही.